भविष्यवेध आणि नवप्रवर्तन धोरण
पंधरा ते तीस वर्षांनंतरच्या संभाव्य परिस्थितींचा पद्धतशीर विचार करून आजच्या संशोधनाचे व तंत्रविद्येच्या प्रसाराचे अग्रक्रम ठरविण्याच्या शासकीय प्रक्रियेस भविष्यवेध म्हणतात. भाकितात एकच निष्कर्ष अपेक्षित असतो. भविष्यवेधात मात्र अनेक पर्यायी भवितव्ये गृहीत धरून, त्यांपैकी बहुतेकांत उपयोगी पडतील असे निर्णय शोधले जातात.

अमेरिकेतील रँड संस्थेत विकसित झालेली डेल्फाय पद्धत हे याचे प्रमुख साधन होय. तीत तज्ञांची मते, त्यांची नावे परस्परांना कळू न देता, प्रश्नावलीद्वारे अनेक फेऱ्यांत घेतात. प्रत्येक फेरीचा गोषवारा पाहून तज्ञांना आपले मत बदलता येते. जपानने १९७१ पासून सुमारे दर पाच वर्षांनी अशा राष्ट्रव्यापी पाहण्या केल्या. भारतात या कार्यासाठी १९८८ मध्ये तंत्रज्ञान माहिती, पूर्वानुमान व मूल्यनिर्धारण परिषद (टायफॅक) स्थापन झाली. तिचा २०२० सालासंबंधीचा दृष्टिलेख ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या अध्यक्षतेखाली १९९६ मध्ये सिद्ध झाला. २०३५ सालासंबंधीचा २०१६ मध्ये प्रकाशित झाला.

अशा दृष्टिलेखांची खरी कसोटी जिल्ह्याच्या पातळीवर लागते. धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्हा अवर्षणप्रवण असून त्याचा काही भाग गोदावरीच्या व काही कृष्णेच्या खोऱ्यात मोडतो. जानेवारी २०१८ मध्ये सुरू झालेल्या आकांक्षित जिल्हा कार्यक्रमात त्याचा समावेश झाला. पाच क्षेत्रांतील ४९ निर्देशकांच्या आधारे प्रगती मोजण्याची ही योजना असून, तीत आरोग्य व पोषण आणि शिक्षण यांना प्रत्येकी ३० टक्के, तर शेती व जलसंपत्ती यांना २० टक्के भार दिलेला आहे. असे निर्देशक आजची उणीव दाखवितात. पंचवीस वर्षांनी भूजल किती उरेल व कोणती पिके तग धरतील, हे ते सांगत नाहीत. पिकाचे नवे वाण तयार होऊन शेतकऱ्यापर्यंत पोहोचण्यास बहुधा दशकभराचा काळ लागतो. म्हणून अवर्षणसह वाणांवरील संशोधन दुष्काळ पडल्यावर हाती घेतल्यास त्या दुष्काळात त्याचा उपयोग होत नाही.

या पद्धतीस मर्यादाही आहेत. तज्ञमंडळात ज्यांना स्थान नसते, त्यांचे प्रश्न प्रश्नावलीतूनच गळतात. कोरडवाहू शेतकरी व हंगामी स्थलांतर करणारे ऊसतोडणी कामगार यांचा अनुभव विचारात घेतला नाही, तर पाण्याचे भवितव्य ते वापरणाऱ्यांना वगळून ठरते. तसेच दृष्टिलेखास अंदाजपत्रकातील तरतुदीची जोड नसेल, तर तो केवळ संकल्पच राहतो.