घाटाचा उतार आणि रविवारचें काम

बोरघाटांतून 1863 सालीं आगगाडी सुरू झाली, तेव्हां 37 फुटांस एक फूट असा कडक चढ बांधावा लागला. उतरतांना गाडी अनावर झालीच, तर तिला चढावर वळवून थांबविण्याकरितां निराळे रूळहि घालावे लागले. घाट चढणें हें बळाचें काम; उतरणें हें सावधपणाचें.

आमचा पुतण्या लोणावळ्यास राहतो व हिंजवडीस एका कचेरींत संगणकावर काम करितो. वेतन उत्तम आहे. तरी "काका, दिवसभर काय केलें, तें संध्याकाळीं सांगतां येत नाहीं," असें तो खिन्नपणें म्हणे. पुढें रविवारीं तो आपल्या मोटारीचे ब्रेक स्वतः तपासूं लागला. घरांत कुरकूर झाली. सुशिक्षित घरांत हातीं पाना धरणें अजूनहि कमीपणाचें वाटतें! वास्तविक 1908 सालीं पैसा फंडानें जवळच तळेगांवास काचेचा कारखाना काढला, तेव्हां आपल्याच वडीलधाऱ्यांनीं कारागिरीची महती गाइली होती.

ब्रेक म्हणजे गतीची उष्णता करणारें यंत्र. घाटांत पाय सतत दाबून ठेवल्यास ती उष्णता ब्रेक ऑइल नांवाच्या द्रवापर्यंत पोहोंचते. हा द्रव हवेंतील ओल शोषितो. डॉट 4 जातीचा ताजा द्रव 230 अंश सेल्सिअसच्या आंत उकळूं नये, असा दंडक आहे; ओल मुरल्यावर हीच मर्यादा 155 अंशांवर येते. द्रव उकळला कीं वाफ होते, वाफ दबते, आणि पाय नुसता खालीं जातो. म्हणून मावळच्या पावसांत राहणारानें तो दर दोन वर्षांनीं बदलावा, व उतारावर गाडी खालच्या गिअरांतच ठेवावी.

एके रविवारीं पुतण्यानें नवे पॅड बसविले आणि तडक गाडी सुरू केली. पॅडसाठीं मागें ढकललेला दट्ट्या, ब्रेक पुनःपुन्हां दाबून आधीं पुढें आणावा लागतो, तेंच राहिलें! गाडी अंगणांतील तुळशीवृंदावनावर जाऊन थांबली. कोणास इजा झाली नाहीं, ही ईश्वराची कृपा. त्या दिवसापासून भिंतीवर यादी लागली आहे: जागा सपाट, चाकांमागें दगड, जॅकखेरीज पक्का आधार, आणि शेवटीं उभ्या गाडींत ब्रेक दाबून पाहणें. द्रव बदलण्याचें काम तो जाणत्या मिस्त्रीकडूनच करवितो. आपण शेजारीं उभा राहून शिकतो.

वृंदावनाचा फुटलेला कोपराहि त्यानेंच सिमेंटनें बांधिला. तो किंचित् वांकडा आहे. वहिनी रोज तेथेंच पणती ठेवितात. कचेरींतील कंटाळा अशा कामानें नाहींसा होतो, असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु येथें चूक आपली, ती डोळ्यांस दिसते, आणि आपल्याच हातानें सुधारतां येते. वाचकहो, ज्या घरीं मोटार आहे, तेथील मुलामुलींस एवढें शिक्षण अवश्य द्यावें.