बर्लिन, झुरिच, हायडेलबर्ग : वॉल्डचे एक वर्ष

प्राणिशास्त्राच्या वर्गात दोन तट असतात. एक ‘मेडिकलला नंबर लागला नाही म्हणून’ आलेल्यांचा, दुसरा खरोखरच बेडूक-झुरळात रमणाऱ्यांचा. पहिला तट कायम मोठा. निवृत्त होईपर्यंत मी दोन्ही तटांना पहिल्या तासाला एकच गोष्ट सांगत आले. डॉक्टर नसलेल्या, प्राणिशास्त्राची साधी पदवी घेतलेल्या एका न्यूयॉर्कच्या मुलाने वयाच्या सव्विसाव्या वर्षी डोळ्यात काय शोधले, ही ती गोष्ट. अभ्यासक्रमात त्याला एक ओळ आहे. इथे जागा आहे, तेव्हा सविस्तर सांगते.

जॉर्ज वॉल्ड 1906 साली जन्मला. आईबाप स्थलांतरित ज्यू. न्यूयॉर्क विद्यापीठातून 1927 साली प्राणिशास्त्राची पदवी, मग कोलंबिया विद्यापीठात सेलिग हेश्ट यांच्या हाताखाली डॉक्टरेट. हेश्ट मोठे चिकट गृहस्थ. डोळ्याला दिसायला किमान किती प्रकाश लागतो, या एका प्रश्नामागे ते वर्षानुवर्षे लागले होते. पुढे 1942 साली त्यांनी सहकाऱ्यांसह उत्तर छापले: दृष्टिपटलात पाच ते चौदा प्रकाशकण शोषले गेले की माणसाला दिव्याची चाहूल लागते. सिनेमा सुरू झाल्यावर थिएटरात शिरलो की आधी काही दिसत नाही, मग हळूहळू खुर्च्या उमटतात; डोळा अंधाराला पुरता सरावायला अर्धा-पाऊण तास लागतो. हा वेळ डोळा कशात घालवतो? हेश्टनी मोजमापे केली, वक्र काढले. पण त्या वक्रामागे कोणता पदार्थ आहे, ते त्यांच्या हाती लागले नव्हते. विद्यार्थ्याला नेमके तेच हवे होते.

डोळ्याची रचना दहावीच्या पुस्तकात आहे, ती उरकून घेते. पुढे पारपटल, मग बुबुळ, मागे नेत्रभिंग, सर्वांत आत दृष्टिपटल. दृष्टिपटलात शंकूपेशी उजेडात आणि रंगांसाठी, दंडपेशी मिणमिणत्या प्रकाशासाठी. बस. फक्त एक गोष्ट डोक्यात ठेवा: दृष्टिपटल हा मेंदूचाच भाग आहे. गर्भात मेंदूच्या भिंतीलाच फुगवटा येऊन ते तयार होते.

हे मी मुलांना खाटकाकडून आणलेल्या बोकडाच्या डोळ्यावर दाखवायची. मागचा अर्धा भाग उलटा केला की आत निळा-हिरवा झळाळता पडदा दिसतो. मुले म्हणतात, “मॅडम, हेच दृष्टिपटल!” नव्हे. तो मागचा आरसा. रात्री गुराढोरांचे डोळे चमकतात ते त्याच्यामुळे. दृष्टिपटल म्हणजे त्याच्यावरची फिकट, बुळबुळीत साय. चिमट्याने ओढली तर सगळी सुटून येते, पण एका ठिपक्यापाशी अडकते. तिथून दृष्टिचेता निघते, ती थेट मेंदूत. तो अडकलेला ठिपका बोटाने चाचपला की पुढचे व्याख्यान निम्मे वाचते.

आता माझ्या लाडक्या माणसाकडे, क्यूनकडे, वळते. फ्रान्झ बोल या तरुण शास्त्रज्ञाने 1876 साली रोममध्ये पाहिले की अंधारात ठेवलेल्या बेडकाचे दृष्टिपटल लाल असते आणि उजेडात आणले की बघता बघता फिके पडते. ही बातमी हायडेलबर्गला विल्हेल्म क्यून यांच्या कानावर गेली आणि त्यांनी हातातले काम टाकून तोच विषय घेतला. तो लाल पदार्थ पित्तक्षारांच्या द्रावणात विरघळवून त्यांनी डोळ्याबाहेर काढला. मग पुढची कल्पना: प्रकाशाने रंग उडतो, तर डोळ्याच्या आत चित्र उमटत असणार! अंधारात ठेवलेला ससा गज असलेल्या खिडकीसमोर काही मिनिटे धरला, लगेच मारला आणि दृष्टिपटल तुरटीच्या द्रावणात ठेवले. त्यावर खिडकी उमटलेली होती, गजांसकट.

क्यून तिथेच थांबते तर बरे झाले असते. 1880 साली ब्रुखझालच्या तुरुंगात एकाचा शिरच्छेद झाला, तेव्हा त्याचे डोळे त्यांनी मिळवले. काहीतरी आकृती दिसली. ती कशाची, ते कोणालाच सांगता आले नाही. पण लोकांच्या मनात बसायचे ते बसले: खून झालेल्याच्या डोळ्यात खुन्याचे चित्र राहते. रहस्यकथांना त्याने खाद्य पुरवले. ज्यूल व्हर्नने एक अख्खी कादंबरी त्यावर बेतली. सशाबद्दल वाईट वाटते, माणसाबद्दल त्याहून अधिक, पण प्रयोगाची कल्पना मात्र बिनतोड, असे मी आजही म्हणेन.

क्यूनचे खरे मोठे काम वेगळेच होते. फिके पडलेले दृष्टिपटल मागच्या काळ्या थरापासून सुटे केले तर त्याचा लाल रंग परत येत नाही. पुन्हा त्या थरावर टेकवले तर येतो. म्हणजे त्या थरात काहीतरी आहे, जे रंग भरून काढते. हे ‘काहीतरी’ पन्नासेक वर्षे तसेच पडून राहिले.

डॉक्टरेटनंतर वॉल्डला फेलोशिप मिळाली आणि 1932 साली तो बर्लिनला ओटो वॉरबुर्ग यांच्याकडे गेला. वॉरबुर्गना आदल्याच वर्षी नोबेल मिळालेले. इकडे वैद्यांना एक गोष्ट फार पूर्वीपासून ठाऊक होती: रातांधळेपणाला यकृत चालते. प्राचीन इजिप्तमध्ये ते होते, आपल्या सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रातही यकृताचे उपाय आहेत. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास डेन्मार्कमधली मुले डोळे कोरडे पडून आंधळी होऊ लागली, कारण देशातले लोणी निर्यात होत होते आणि गरिबाघरी मार्गारिन होते. त्यात जीवनसत्त्व अ नव्हते. पुढे डेन्मार्कमध्येच उंदरांवर दिसले की ‘अ’ कमी पडले की तो लाल रंग सावकाश भरतो. पण ‘अ’ प्रत्यक्ष दृष्टिपटलात असते का, हे कोणी दाखवले नव्हते.

वॉल्डने दाखवले. दृष्टिपटलाच्या अर्कात अँटिमनी क्लोराइड घातले की निळा रंग येतो, ती ‘अ’ची ओळखीची खूण. खात्री करायला तो झुरिचला पॉल कारर यांच्याकडे गेला, कारण ‘अ’ची रासायनिक रचना नुकतीच त्यांनी उलगडली होती. बेडूक, मेंढी, डुक्कर, गाय: सगळ्यांच्या डोळ्यात ते सापडले. क्यूनच्या काळ्या थरातही. 1933 साली ‘नेचर’मध्ये छोटेसे टिपण आले.

तिथून तो हायडेलबर्गला ओटो मायरहोफ यांच्या प्रयोगशाळेत आला. हिटलर जानेवारीतच सत्तेवर आला होता; ज्यू तरुणाने जर्मनीत थांबू नये, असे फेलोशिपवाल्यांचे म्हणणे होते. तेवढ्यात हंगेरीहून बेडकांची मोठी खेप येऊन पडली आणि मायरहोफचे साहाय्यक सुट्टीवर! वॉल्डने ते बेडूक हाती घेतले. अंधारातल्या दृष्टिपटलावर प्रकाश टाकला की आधी एक पिवळा पदार्थ सुटतो आणि तोच पुढे ‘अ’ होतो, असे त्याला दिसले. पिवळ्याला त्याने नाव दिले रेटिनीन. ‘अ’पासून लाल रंग, त्यातून पिवळा, त्यातून परत ‘अ’, असे चक्र पुरे झाले. ज्या गावात क्यूनने प्रश्न टाकला, त्याच गावात.

भाची फ्रँकफुर्टला असते, तिच्याकडे गेले असताना मी मुद्दाम हायडेलबर्ग गाठले. मुख्य रस्त्यावर बुन्सेनचा पुतळा आहे, लोक तिथे फोटो काढतात. क्यूनबद्दल विचारले, दोघा-तिघांनी नम्रपणे मान हलवली. नेकार नदीपलीकडे मायरहोफची संस्था आता माक्स प्लांकच्या नावाने उभी आहे. मायरहोफना स्वतःला 1938 साली तिथून परागंदा व्हावे लागले.

पुढचे आयुष्य वॉल्डने हार्वर्डला काढले. तिथे रूथ हबर्ड भेटली. व्हिएन्नात जन्मलेली, नाझींमुळे देश सोडावा लागलेली, आधी विद्यार्थिनी, मग सहकारी, मग पत्नी. प्रकाश पडल्यावर रेटिनीनच्या रेणूचे नेमके काय होते, हे शोधण्यात तिचा वाटा मोठा. कोपरात वाकवलेला हात ताठ व्हावा, तसा तो रेणू सरळ होतो. दिसण्यात प्रकाशाचे काम एवढेच. पुढचे सारे पेशी आणि चेतातंतू अंधारातही उरकतील. 1967 चे नोबेल वॉल्ड, ग्रानिट आणि हार्टलाइन या तिघांना मिळाले. त्यात हबर्डचे नाव असायला हवे होते, हे माझे ठाम मत.

आणखी एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. मोतीबिंदूसाठी नेत्रभिंग काढून टाकलेल्या माणसांना अतिनील प्रकाश दिसतो, हे वॉल्डने 1945 साली मांडले. आपले भिंग तो अडवत असते. ज्या प्रकाशात इतरांना मिट्ट काळोख, त्यात या रुग्णांनी अक्षरांचा तक्ता वाचला. आता शस्त्रक्रियेत बसवायच्या भिंगात अतिनील अडवणारा पदार्थ घालतात.

आता पुन्हा ‘अ’कडे. आपल्याकडे 1970 साली मुलांना सहा महिन्यांनी एकदा ‘अ’चा मोठा डोस देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. मग नेत्रतज्ज्ञ आल्फ्रेड सोमर यांनी इंडोनेशियात पाहिले की ‘अ’ मिळालेल्या गावांत बालमृत्यूच सुमारे एक तृतीयांशाने घटले. औषध स्वस्त, चमचाभर.

तुमच्या घरात, शेजारी, कामाला येणाऱ्या बाईंकडे पाच वर्षांखालचे मूल असेल तर त्याचे लसीकरण कार्ड काढून बघा. नवव्या महिन्यात गोवरच्या लसीबरोबर 1 लाख युनिट, दीड वर्षाच्या सुमारास 2 लाख, मग पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी 2 लाख. असे एकूण नऊ डोस असतात. मनाने जास्त देऊ नका, ‘अ’ अंगात साठते. पण रकाना रिकामा दिसला तर अंगणवाडीत किंवा आरोग्य उपकेंद्रात जाऊन विचारा. तिथे तो फुकट मिळतो.