संगणकाच्या गाभ्याची प्रश्नावलि व तिची सफाई

तुमच्या वडिलांच्या खिशांत अँड्रॉइड फोन असेल, तर त्याच्या आंत, पडद्यावर कधींहि न दिसणारा असा एक प्रोग्राम अहोरात्र चालूं असतो. बोट लागलें तें कोणत्या जागीं लागलें, आवाज कोणत्या वाटेनें बाहेर पाठवावयाचा, दोन कामें एकाच वेळीं आलीं तर आधीं कोणतें हातीं घ्यावयाचें, ह्या सर्व गोष्टींचा निकाल तो लावितो. त्यास लिनक्स कर्नेल असें म्हणतात. कर्नेल म्हणजे गाभा. फिनलंड देशांतील हेलसिंकी विद्यापीठांत शिकणाऱ्या लिनस टॉरवाल्ड्स ह्या तरुणानें सन १९९१ मध्यें तो लिहावयास घेतला, आणि आपण लिहिलेलें सर्वांस पाहण्यास व सुधारण्यास मोकळें ठेविलें. तेव्हांपासून जगांतील हजारों माणसांनीं त्यांत भर घातली आहे. ही भर कशी पडते ह्याविषयीं पुष्कळ लिहिलें जातें. परंतु भर पडून पडून जें निरुपयोगी झालें तें काढून कसें टाकतात, ह्याविषयीं सहसा कोणी लिहीत नाहीं. प्रस्तुत लेखांत त्याच गोष्टीचा विचार केला आहे.

हा गाभा म्हणजे एकच ठरीव वस्तु नव्हे. शिंप्याकडे कापड नेलें म्हणजे तो आधीं अंगाचें माप घेतो, तसा हा गाभा ज्या यंत्रासाठीं पाहिजे त्याच्या मापानें बांधून घ्यावा लागतो. बांधण्यापूर्वीं एक लांबलचक प्रश्नावलि भरावयाची असते. प्रोसेसर कोणत्या जातीचा? अमुक तऱ्हेची डिस्क वाचावयाची आहे काय? बिनतारी जाळें हवें काय? बहुतेक प्रश्नांस ‘होय’ किंवा ‘नाहीं’ हें उत्तर पुरतें. कित्येकांस तिसरेंहि चालतें, तें असें कीं, ‘हा भाग वेगळा बांधून ठेवा, लागेल तेव्हां जोडूं’. हे प्रश्न ज्या छोटेखानी भाषेंत लिहितात तिचें नांव केकॉन्फिग. सन २००२ पासून ती ह्या कामीं वापरांत आहे. प्रश्न सुटे नसतात. एक प्रश्न दुसऱ्यावर अवलंबून असतो, म्हणजे पहिल्यास ‘होय’ म्हटल्यावांचून दुसरा विचारलाच जात नाहीं. तर कांहीं ठिकाणीं एकास ‘होय’ म्हणतांच दुसऱ्याचें ‘होय’ परस्पर लिहिलें जातें. ही दुसरी सोय मोठी फसवी आहे, कारण परस्पर लिहिलेलें उत्तर त्या प्रश्नाच्या स्वतःच्या अटी पुऱ्या झाल्या आहेत कीं नाहींत हें पाहत नाहीं.

प्रश्न थोडे असते तर ही चर्चा करण्याचें कारण नव्हतें. जर्मनींतील एर्लांगेन येथील विद्यापीठाच्या संशोधकांनीं सन २०११ मध्यें ह्या विषयावर जो निबंध प्रसिद्ध केला, त्या वेळींच प्रश्नांची संख्या दहा हजारांच्या पलीकडे गेली होती. आतां ज्यांस गणिताची गोडी आहे त्यांनीं हिशेब करून पाहावा. हो-नाहीं असे दहा प्रश्न असले तर उत्तरपत्रिका १०२४ तऱ्हांच्या होऊं शकतात. वीस असले तर १० लाख ४८ हजारांहून अधिक. दहा हजार प्रश्नांचा आंकडा लिहावयास ह्या अंकाचीं एक-दोन पानें खर्चीं पडतील! सगळ्या तऱ्हा बांधून पाहणें कोणासहि शक्य नाहीं. म्हणून परीक्षा घेणारे लोक नाणें उडवून काढावीं तशीं यदृच्छेनें उत्तरें भरून गाभा बांधून पाहतात, आणि जेथें मोडेल तेथें दुरुस्ती करितात. अशा स्थितींत ज्या प्रश्नाचा कोणासहि उपयोग उरलेला नाहीं, तो एक प्रश्नदेखील तऱ्हांची संख्या दुप्पट करून ठेवितो, हें ध्यानांत घेतलें म्हणजे सफाईचें महत्त्व समजेल.

आर्म ह्या जातीच्या प्रोसेसरांच्या बाबतींत ही प्रश्नावलि विशेष विस्कटली. इंग्लंडांतील केंब्रिज येथें उगम पावलेल्या ह्या जातीचा प्रसार मोठ्या विलक्षण रीतीनें झाला. आर्म कंपनीचा धंदा वाढला तो चिपा घडवून नव्हे, तर आपला आराखडा इतरांस वापरावयास देऊन. ज्यानें तो घेतला त्यानें प्रोसेसरच्या भोंवतीं घड्याळ, तारांची जोडणी, पडद्याची व्यवस्था इत्यादि सर्व आपापल्या मर्जीनें मांडिलें. मेजावरच्या नेहमींच्या संगणकांत जोडलेल्या बहुतेक भागांस ‘तूं कोण?’ असें विचारतां येतें व तो भाग आपलें नांव सांगतो. आर्मच्या बोर्डावरील पुष्कळ भाग मात्र मुकेच असतात. ते कोठें आहेत हें गाभ्यास आगाऊ ठाऊक असावें लागतें. परिणाम असा झाला कीं, दर नव्या बोर्डामागें एक नवी फाइल, प्रश्नावलींत एक नवा प्रश्न, आणि आदर्श म्हणून भरून ठेविलेली एक संपूर्ण उत्तरपत्रिका गाभ्यांत येऊं लागली. एका बोर्डासाठीं बांधलेला गाभा शेजारच्या बोर्डावर चालत नसे तो नसेच.

सन २०१० च्या जून महिन्यांत टॉरवाल्ड्सनें ह्या आदर्श उत्तरपत्रिकांविषयीं उघड नापसंती दर्शविली व त्या सरसकट काढून टाकण्याचा बेत बोलून दाखविला. त्याचें म्हणणें अयथार्थ नव्हतें. वसतिगृहांतील स्वयंपाक्यास रोज शंभर मुलांची यादी देऊन प्रत्येकापुढें ‘भाकरी, वरण, भाजी’ असें लिहिलें, तर ती यादी खरी असेल, परंतु तिचा उपयोग काय? त्यास एवढेंच कळविलें पाहिजे कीं, अमक्या दोघांस ताप आहे, त्यांस पेज द्या. उत्तरपत्रिकांची गत त्या यादीसारखी झाली होती. प्रत्येक प्रश्नास न सांगतांहि गृहीत धरलेलें एक उत्तर असतें. आणि ह्या फाइलींतील बहुतेक ओळी तेंच गृहीत उत्तर पुनः सांगत होत्या. तेव्हां उवे क्लाइने-केनिग ह्या जर्मन गृहस्थानें एक लहानसा प्रोग्राम लिहिला. त्याची युक्ति अगदीं साधी आहे. उत्तरपत्रिकेंतील एक ओळ काढावी, उरलेल्यांवरून पूर्ण उत्तरपत्रिका पुनः तयार करावी, आणि ती पहिल्यासारखीच आली तर ती ओळ निरर्थक होती असें समजून टाकून द्यावी. वेगळी आली तर ओळ परत ठेवावी. मग पुढची ओळ. असें हजारों वेळां! काम अतिशय सावकाश चाले, परंतु यंत्रास कंटाळा येत नाहीं. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत बाहेर पडलेल्या आवृत्तींत दोन लाखांच्या घरांत ओळी गळून पडल्या, आणि एकाहि बोर्डाचें उत्तर बदललें नाहीं. सफाईचें हें सर्वांत सोपें काम, कारण ह्यांत कोणाचें कांहीं जात नाहीं.

ह्यापुढील काम अवघड होतें. बोर्डावरील भागांचें वर्णन गाभ्याच्या पोटांत न ठेवितां बाहेर एका निराळ्या फाइलींत लिहावें, व यंत्र सुरूं होतांना गाभ्यानें तें वाचावें, अशी एक पद्धति इतर जातींच्या प्रोसेसरांवर आधींच रूढ होती. तिला डिव्हाइस ट्री म्हणतात. आर्मच्या मंडळींनीं ती उचलली, आणि डिसेंबर २०१२ च्या ३.७ ह्या आवृत्तींत निरनिराळ्या कारखान्यांचे बोर्ड एकाच गाभ्यानें चालविण्याची सोय प्रथम झाली. त्याच महिन्यांत दुसरीहि एक गोष्ट घडली. ज्या इंटेल ३८६ प्रोसेसरावर टॉरवाल्ड्सनें मूळ गाभा लिहिला होता, त्याचाच पर्याय काढून टाकण्यांत आला. नव्या प्रोसेसरांस ठाऊक असलेल्या कांहीं आज्ञा त्या जुन्यास येत नसत. केवळ त्याच्यासाठीं जागोजाग वेगळी तरतूद ठेवावी लागे. ज्याच्यामुळें सर्व आरंभ झाला त्यासहि सूट मिळाली नाहीं, आणि टॉरवाल्ड्सनें त्याबद्दल हळहळ व्यक्त केली नाहीं.

परंतु काढतांना जो निष्काळजीपणा होतो त्याचें फळ कसें असतें तेंहि पाहावें. प्रश्नावलींत नसलेल्या प्रश्नाचें नांव गाभ्यांत कोठें उरलें, तर यंत्र तक्रार करीत नाहीं. त्या प्रश्नाचें उत्तर ‘नाहीं’ असें धरून मुकाट्यानें पुढें जातें. म्हणजे बोर्डाचा प्रश्न काढला व त्यावर अवलंबून असलेल्या दुसऱ्या भागांतील उल्लेख तसाच राहिला, तर तो दुसरा भाग कोणासहि, कधींहि निवडतां येत नाहीं. लिहिलेला असतो, दिसतो, पण मेलेला असतो. चुकीच्या अक्षरांनींहि हेंच घडतें. एर्लांगेनच्या संशोधकांनीं ह्याचें उदाहरण दिलें आहे. प्रोसेसर चालू यंत्रांतून बाजूस काढल्यावर करावयाची आवराआवर ज्या ओळींत लिहिली होती, त्यांच्या माथ्यावर ‘हॉटप्लग-सीपीयू’ ह्याऐवजीं ‘सीपीयू-हॉटप्लग’ असें नांव पडलें होतें. दोन शब्दांची अदलाबदल, एवढेंच! त्या नांवाचा प्रश्नच नसल्यामुळें त्या ओळी बांधल्या जात नव्हत्या, आणि वाचणाऱ्यास तर सर्व कांहीं यथास्थित दिसत होतें. म्हणून एक बोर्ड काढणें म्हणजे एक फाइल पुसणें नव्हे. केवळ त्याच बोर्डाच्या उपयोगीं पडणारे भाग शोधावे लागतात, मग त्या भागांचे प्रश्न, मग त्या प्रश्नांचे इतरत्र राहिलेले उल्लेख. आणि हा माग संपेपर्यंत सोडतां येत नाहीं.

आतां सर्वांत नाजूक प्रश्न असा कीं, अमुक बोर्ड कोणी वापरीत नाहीं हें ठरवावयाचें कसें? वापरणाऱ्यांची नोंदवही कोठेंच नाहीं. एखाद्या कारखान्याच्या कोपऱ्यांत एखादें जुनें यंत्र निमूटपणें काम करीत असेल, आणि त्याच्या धन्यास ह्या चर्चेची वार्ताहि नसेल. पर्याय काढला तर त्याच्या यंत्रास नवा गाभा मिळणार नाहीं, म्हणजे पुढें सांपडणाऱ्या दोषांच्या दुरुस्त्याहि मिळणार नाहींत. उलट, कोणीच नसलेल्या घरीं रोज दिवा लावावा तसें ते पर्याय सांभाळीत बसणें म्हणजे थोड्या माणसांचे श्रम फुकट दवडणें होय.

सन २०२२ मध्यें आर्मच्या व्यवस्थापकांनीं ह्यावर जो उपाय योजिला तो आम्हांस फार समंजस वाटतो. ज्या बोर्डांचा कोणी वाली दिसेना, ते सर्व त्यांनीं ‘न वापरलेल्या बोर्डांच्या फाइली’ अशा अर्थाच्या एका नव्या पर्यायाखालीं आणून ठेविले, आणि त्या पर्यायाचें गृहीत उत्तर ‘नाहीं’ असें केलें. खालीं मदतीच्या मजकुरांत सूचना लिहिली ती अशी: हे बोर्ड सन २०२३ च्या आरंभीं काढावयाचे आहेत, आपण ह्यांपैकीं एखादा वापरीत असाल तर येथें ‘होय’ म्हणून तो बांधून घ्या, आणि तो राहावा अशी इच्छा असल्यास आम्हांस लिहून कळवा. ह्यांतील मर्म असें. वर्तमानपत्रांतील नोटीस वाचली न वाचली चालतें; पण ज्यास खरोखर गरज आहे तो गाभा बांधावयास बसतांच आपला बोर्ड गायब झालेला पाहून अडखळणार, कारण शोधावयास लागणार, व त्याच जागीं त्यास सूचना सांपडणार. सूचना लाविली ती त्याच्या वाटेवरच. शिवाय डिसेंबर २०२२ ची ६.१ ही आवृत्ति पुष्कळ वर्षें सांभाळण्याची म्हणून ठरली, व तींत हे बोर्ड शिल्लक होते; तेव्हां उशिरां जागा होणारासहि कांहीं आधार उरला.

ठरल्याप्रमाणें एप्रिल २०२३ च्या ६.३ ह्या आवृत्तींत ते बोर्ड गेले. लाखाहून अधिक ओळी एका हप्त्यांत कमी झाल्या. सर्वच जुने बोर्ड मात्र गेले नाहींत. सन २००५ मध्यें निघालेली नोकिया ७७० नांवाची टॅब्लेट होती. बाजारांतून ती केव्हांच नाहींशी झाली. परंतु ती वापरणारीं व तिच्यावर नवा गाभा चढवून पाहणारीं माणसें अजून होतीं. तिचा पर्याय जागच्या जागीं ठेविला गेला, आणि त्याच वर्षीं तिच्या फाइलींत दुरुस्त्याहि झाल्या.