कार्ल्याचं लाकूड दोन हजार वर्षं टिकलं, मग लोणावळ्यातला डेक तीन पावसाळ्यांतच का सडतो?

समोर दरी, दरीत धुकं, हातात चहा, शेजारी कांदाभजीची प्लेट आणि पायाखाली लाकडी डेक. जून उजाडला की लोणावळा, खंडाळा, कामशेत आणि पवना धरणाच्या काठावरून असे फोटो यायला सुरुवात होते. बंगला भाड्याने देणाऱ्यांसाठी तर हा डेकच अर्धी जाहिरात असतो.

पण तोच डेक दोन-तीन पावसाळ्यांनंतर बघा. फळ्या राखाडी पडलेल्या, कडांना शेवाळ, पॉलिशचे पापुद्रे सुटलेले आणि एखाद्या कोपऱ्यात पाय ठेवला की लाकूड दबतंय. मालक म्हणतो, "लाकूडच खराब निघालं." सुतार म्हणतो, "लोणावळ्याच्या पावसापुढे काही टिकत नाही."

आता गंमत बघा. याच मावळ तालुक्यात, एकवीरा आईच्या देवळाला लागून कार्ल्याची लेणी आहेत. तिथल्या चैत्यगृहाच्या छताला आजही लाकडी कमानी आहेत, स्तूपावर लाकडी छत्री आहे. वय साधारण दोन हजार वर्षं. म्हणजे इतके पावसाळे त्या लाकडाने याच हवेत काढले.

मग चुकतं कुठे? तेच समजून घेऊ.

कार्ल्याचं लाकूड टिकलं कसं?

याचं उत्तर शेजारच्या भाजे लेण्यांत सापडतं. भाजे इथल्या चैत्यगृहाचा दर्शनी भाग आज उघडा दिसतो. मुळात तिथे लाकडी दर्शनी भिंत होती. ती बसवण्यासाठी दगडात केलेल्या खाचा अजून आहेत, लाकूड मात्र कधीच गेलं.

एकच तालुका, एकच हवा. जे लाकूड दगडाच्या पोटात, ऊन-पावसापासून लांब होतं ते राहिलं. जे तोंडावर होतं ते संपलं. आपला डेक हा कायम तोंडावर असतो. छप्पर नाही, आडोसा नाही, वर पाऊस आणि खाली ओल. स्टेन आणि सीलर लावणं म्हणजे या उघड्या लाकडाला थोडाफार आडोसा देणं. तो आडोसा झिजतो, म्हणून तो पुन्हा पुन्हा द्यावा लागतो.

इथली हवा लाकडाचं नेमकं काय करते?

पुणे शहरात वर्षाला साधारण 700 मिलिमीटर पाऊस पडतो. लोणावळ्यात 4000 मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. त्यामुळे पुण्यातल्या गच्चीवर चाललेला उपाय लोणावळ्यात चालेलच असं नाही. मावळातही पश्चिमेकडून तळेगावकडे येताना पाऊस झपाट्याने कमी होतो, हेही लक्षात ठेवा.

लाकडावर तीन गोष्टी एकदम काम करतात.

पहिली, ओल. लाकूड हवेतला दमटपणा शोषतं आणि सोडतं. हवेत 40 टक्के आर्द्रता असताना लाकडातली ओल 8 टक्क्यांच्या आसपास असते. आर्द्रता 90 टक्क्यांवर गेली की ती 20 टक्क्यांपर्यंत पोचते, तेही पावसाचा थेंब न लागता. साधारण 20 टक्क्यांच्या पुढे लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला रान मोकळं मिळतं. त्याखाली ती वाढू शकत नाही.

दुसरी, फुगणं आणि आकसणं. सागाची चार इंच रुंद फळी उन्हाळा ते पावसाळा या काळात दीड-दोन मिलिमीटर कमी-जास्त होते. लांबीत मात्र जवळपास काहीच फरक पडत नाही. आता या फळीवर कडक, काचेसारखं पॉलिश असेल तर काय होणार? लाकूड हलतं, थर हलत नाही. थराला बारीक तडे जातात, त्यातून पाणी आत शिरतं आणि वरच्या थरामुळे लवकर बाहेर पडत नाही.

तिसरी, ऊन. लाकडाच्या तंतूंना धरून ठेवणारा लिग्निन नावाचा घटक असतो. उन्हातले अतिनील किरण तो तोडतात, मग पाऊस तो धुऊन नेतो. फळ्या राखाडी पडतात त्या यामुळे. हा राखाडीपणा वरवरचा असतो, त्याने डेक लगेच कमकुवत होत नाही. पण वरचे तंतू सुटे होतात आणि पाणी जास्त शोषलं जातं.

स्टेन, सीलर, पॉलिश: सगळं एकच का?

नाही. दुकानात हे शब्द सरमिसळ वापरले जातात, म्हणून डब्यावरचं वाचणं गरजेचं आहे.

स्टेन म्हणजे रंगद्रव्य. ते लाकडात मुरतं आणि ऊन अडवतं. सीलर पाणी शोषलं जाण्याचा वेग कमी करतो. बाहेरच्या कामासाठी मिळणाऱ्या बऱ्याच डब्यांत दोन्ही एकत्र असतं.

मुरणारं तेल लाकडाच्या आत जातं, वर जाड थर बनवत नाही. ते लवकर संपतं, पण सोलपटत नाही. पुढच्या वर्षी धुऊन, हलकं घासून वरून हात मारला की झालं.

मेलामाइन आणि घरातलं फर्निचर पॉलिश हे आतल्या कामाचं आहे, डेकवर वापरू नका. पीयू कोटिंग बाहेरच्या वापराचं मिळतं आणि सुरुवातीला सुंदर दिसतं. मात्र एकदा सोलपटलं की सगळा थर घासून काढावा लागतो, तिथे खर्च दुप्पट होतो.

रंगारी ज्याला बेल तेल म्हणतात ते जवसाचं उकळलेलं तेल. ते स्वस्त आणि ओळखीचं आहे. पण नुसतं तेल लावलं तर दमट हवेत त्यावर काळी बुरशी धरते आणि ऊनही अडत नाही. बुरशीरोधक आणि रंगद्रव्य असलेलं, 'बाहेरच्या लाकडासाठी' असं स्पष्ट लिहिलेलं तेल किंवा स्टेन घ्या.

पारदर्शक घ्यावं की रंगीत? अर्धपारदर्शक, थोडी तपकिरी छटा असलेलं घ्या. पूर्ण पारदर्शक कोटमधून ऊन आत जातं. अगदी गडद रंग ऊन अडवतो, पण एप्रिलच्या दुपारी त्यावर अनवाणी पाय ठेवता येत नाही.

काम कधी काढायचं?

बहुतेक लोक मे महिन्याच्या शेवटी जागे होतात. पाऊस तोंडावर आला की रंगाऱ्याला फोन. हा सगळ्यात वाईट मुहूर्त. फळ्या तापलेल्या असतात, कोट वरून पटकन सुकतो आणि आत मुरत नाही. त्यात वळवाची एक सर आली की काम वाया.

पाऊस ऑक्टोबरमध्ये थांबला तरी लाकूड लगेच सुकत नाही. चार-पाच आठवडे जाऊ द्या. नोव्हेंबरचा उत्तरार्ध ते फेब्रुवारी हा योग्य काळ. तेव्हा सकाळी दव पडतं, म्हणून दव पूर्ण वाळल्यावर, दहा-अकरानंतर कामाला लागा आणि दुपारी चारपर्यंत आवरा. ओलावा मोजणारं छोटं मीटर असेल तर आकडा 15 टक्क्यांच्या खाली हवा.

काम करायचं कसं?

1. आधी थेंबाची चाचणी. फळीवर थोडं पाणी शिंपडा. थेंब मोत्यासारखे उभे राहिले तर जुना कोट जिवंत आहे. काही मिनिटांत पाणी शोषलं जाऊन डाग गडद झाला तर कोट संपलाय.

2. साफसफाई. शेवाळ, माती, पानं काढा. साबणाचं पाणी आणि मऊ दातांचा ब्रश पुरतो. प्रेशर वॉशरचा फवारा जवळून मारला तर लाकडाचे तंतू उखडतात. काळे डाग ऑक्झॅलिक आम्लाच्या सौम्य द्रावणाने निघतात, पण ते विषारी आहे. हातमोजे आणि चष्मा घाला, नंतर भरपूर पाण्याने धुवा. ब्लीचिंग आणि आम्ल कधीही एकत्र वापरू नका, त्यातून क्लोरीन वायू तयार होतो.

3. वाळवणं. धुतल्यावर किमान दोन-तीन दिवस कडक ऊन मिळू द्या.

4. घासणं. 60 ते 80 नंबरचा पॉलिश पेपर पुरे. अगदी गुळगुळीत करण्याच्या नादात बारीक पेपर मारला तर तेल आत शिरत नाही. लाकूड हिरवट, रसायन दिलेलं पाइन असेल तर मास्क लावल्याशिवाय घासू नका. त्यात तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिकची संयुगं असू शकतात. असं लाकूड शेकोटीतही घालू नका.

5. पहिला हात. डबा नीट ढवळा, कारण रंगद्रव्य तळाशी बसतं. एका वेळी दोन-तीन फळ्या घ्या आणि टोकापासून टोकापर्यंत जा. मध्येच थांबलात तर पट्टा उमटतो. 15-20 मिनिटांनी वर साचलेलं जास्तीचं तेल फडक्याने पुसून घ्या. तसंच राहिलं तर ते आठवडाभर चिकट राहतं.

6. दुसरा हात डब्यावर सांगितलेल्या वेळेनंतरच. 10 बाय 12 फुटांच्या डेकला, म्हणजे साधारण 11 चौरस मीटरला, दोन हात आणि कडा धरून अडीच-तीन लिटर लागतं. जुनं, तहानलेलं लाकूड यापेक्षा जास्त पितं.

एक इशारा. तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना उष्णता निर्माण करतं आणि फडक्यांचा बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. फडकी पाण्याच्या डब्यात बुडवा किंवा मोकळ्या जागी पसरून वाळवा.

दरवर्षी कोट मारूनही डेक का सडतो?

कारण कोट फक्त वरून मारला जातो. फळीला सहा बाजू असतात. सगळ्यात जास्त पाणी पितात ती कापलेली टोकं, कारण तिथे लाकडाच्या नळ्या उघड्या पडतात. नवा डेक करताना फळ्या ठोकण्याआधीच सगळ्या बाजूंनी एक हात द्या आणि टोकांना दोन-तीन.

दोन फळ्यांत पाच-सहा मिलिमीटरची फट ठेवा आणि त्यात अडकलेली पानं काढत राहा. खालून वारा खेळला पाहिजे. आधाराचं लाकूड थेट मातीत पुरू नका, ते दगडावर किंवा सिमेंटच्या ओट्यावर टेकवा, नाहीतर बुरशी आणि वाळवी दोघींची सोय होते. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे घ्या. साधा लोखंडी खिळा गंजतोच, वर सागाशी त्याची क्रिया होऊन काळे ओघळ उमटतात.

लाकूड घेताना 'साग आहे' एवढ्यावर थांबू नका. सागाचा टिकाऊपणा त्याच्या गाभ्यात असतो. बाहेरच्या फिकट, पिवळट भागात तो नसतो.

हा फक्त दिसण्याचा प्रश्न आहे का?

16 जून 2015 रोजी अमेरिकेत बर्कली इथे वाढदिवसाच्या पार्टीत एका इमारतीची बाल्कनी कोसळली आणि सहा तरुण-तरुणींचा जीव गेला. बाल्कनीचं लाकूड आतून कुजलं होतं. पाणी आत अडकून राहिलं आणि वरून काही दिसलं नाही. त्यानंतर 2018 मध्ये कॅलिफोर्नियाने तीन किंवा अधिक घरं असलेल्या भाड्याच्या इमारतींच्या अशा बाल्कन्यांची दर सहा वर्षांनी तपासणी सक्तीची केली.

आपल्याकडे 15 जून 2025 रोजी मावळातच, कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा पूल पडून चार जणांचा मृत्यू झाला. तो पूल लोखंडी होता, त्यामुळे कारणं वेगळी. पण जुना सांगाडा, पावसाळा आणि फोटोसाठी एका जागी जमलेली गर्दी हे चित्र ओळखीचं आहे. साधं गणित करा. 65 किलोची 15 माणसं म्हणजे जवळपास एक टन. ग्रुप फोटोसाठी ती सगळी कठड्याच्या एकाच कडेला येतात.

म्हणून दर एप्रिलमध्ये डेकच्या खाली वाकून बघा. आधाराच्या लाकडात, भिंतीशी जिथे डेक जोडलाय तिथे आणि कठड्याच्या खांबांच्या बुडाशी पेचकस दाबा. टणक लाकडात तो शिरत नाही. लोण्यासारखा आत गेला तर त्यावर कोणताही स्टेन उपाय नाही. ते लाकूड बदलायचं, आणि बदलेपर्यंत डेक बंद ठेवायचा.

पाहुणे म्हणून गेला असाल तर कठडा हाताने हलवून बघा. हलत असेल तर फोटो आतल्या बाजूने काढा आणि मालकाला सांगा.

थोडक्यात वर्षाचं वेळापत्रक

एप्रिलमध्ये पेचकस आणि थेंबाची चाचणी. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी पानं आणि शेवाळ काढणं, कारण निसरड्या फळीवरून पाय सरकून पडणारेही कमी नसतात. ऑक्टोबरमध्ये धुणं. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत कोट. लोणावळ्यात उघड्या डेकला मुरणारं तेल दरवर्षी लागतं असं धरून चाला. तळेगावच्या बाजूला किंवा छपराखालच्या डेकला एखादं वर्ष सूट मिळू शकते, थेंब बघून ठरवा.

आणि जमलं तर डेकवर पत्र्याचं का होईना, छप्पर घाला. कार्ल्याच्या लाकडाला तेवढंच तर मिळालं होतं.