मातीचा मावळा आणि रंगांची उपासना

आश्विन वद्य द्वादशीला वसुबारसेचा दिवा लागला की महाराष्ट्रातील घराघरांत दीपावलीचा आरंभ होतो. अभ्यंगस्नान, लक्ष्मीपूजन, बलिप्रतिपदा, भाऊबीज ही या सणाची सर्वमान्य अंगे होत. परंतु याच दिवसांत अंगणाच्या एका कोपऱ्यात आणखी एक अनुष्ठान चालू असते, त्याचा विधी मात्र कोणत्याही पोथीत लिहिलेला नाही. विटा, दगड व गोणपाट यांवर चिखलाचा लेप देऊन मुले किल्ला रचतात. उतारावर हळीव-मोहरी पेरून हिरवळ उगवून आणतात. शिखरावर छत्रपती शिवाजी महाराजांना सिंहासनी बसवितात आणि बुरुजाबुरुजांवर मातीचे मावळे उभे करतात. किल्ल्याविषयी पुष्कळांनी लिहिले आहे. आम्हांस आज सांगावयाचे आहे ते त्या चार बोटे उंचीच्या मावळ्याविषयी, आणि विशेषतः त्याला आपल्या हाताने रंग देण्याविषयी.

काही श्रद्धाळू गृहस्थ विचारतात, "देवाधर्माच्या दिवसांत हा बाहुल्यांचा खेळ कशासाठी?" प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याला उत्तर देणे अवश्य आहे.

कालिदासाचा मृत्तिकामयूर

संस्कृत वाङ्मयाने मातीच्या खेळण्याला कधीही तुच्छ लेखले नाही. शूद्रकाच्या एका थोर प्रकरणाचे नावच मुळी मुलाच्या मातीच्या गाड्यावरून पडले, ते 'मृच्छकटिक'. 'अभिज्ञानशाकुंतला'च्या सातव्या अंकात तर रंगविलेल्या मातीच्या खेळण्यावर कथेची कळ फिरते. मारीच ऋषींच्या आश्रमात लहानगा सर्वदमन सिंहाच्या छाव्याशी झोंबत असतो. काही केल्या तो त्याला सोडीना, तेव्हा तापसी आपल्या पर्णकुटीतून मार्कंडेय नावाच्या ऋषिकुमाराचा रंगीत मातीचा मोर आणविते. मोर दाखविताना ती पक्ष्याच्या लावण्याविषयी जे शब्द उच्चारते, त्यांत मुलाला आपल्या आईचे नाव ऐकू येते. आई कोठे आहे, असे तो विचारतो आणि जवळच उभ्या असलेल्या दुष्यंताच्या अंतःकरणातील आशा बळावते.

ज्याच्या नावाने हा देश भारत म्हणून ओळखला जातो असे परंपरा मानते, त्या बालकाचे मन छाव्यावरून वळविण्याचे सामर्थ्य एका रंगविलेल्या मातीच्या मोरात होते. तो मोरही बाजारातून आणलेला नव्हे; दुसऱ्या एका आश्रमवासी मुलाचा होता. एकाचे खेळणे दुसऱ्याच्या उपयोगी पडले. संगतीने खेळण्याचा हा धर्म वाचकांनी ध्यानी ठेवावा.

चार वर्ण आणि एक कुंचला

आमच्या क्षेत्री देवालयाच्या ओवरीत आश्विनाच्या अखेरच्या आठवड्यात दहाबारा जण सायंकाळी जमतात. एक कुंभार, एक चित्रकलेचे निवृत्त शिक्षक, सैन्यातून निवृत्त झालेले एक हवालदार, दोन-तीन गृहिणी आणि बाकी सारी मुले. मधोमध सूप भरून कोरे मावळे ठेवलेले असतात. कोणी रंग कालवितो, कोणी कुंचले धुतो, ज्याचा हात स्थिर त्याच्याकडे मिशा आणि डोळे येतात. तेथे गुरू-शिष्य असा भेद उरत नाही. मूल वृद्धाची चूक दाखविते आणि वृद्ध ती आनंदाने सुधारतो.

रंगकामाचा क्रम सांगतो. प्रथम मूर्तीवरची धूळ कोरड्या कुंचल्याने झाडावी. मेणबत्तीचे दोन थेंब पाडून मावळा एखाद्या रिकाम्या दौतीवर उभा चिकटवावा. म्हणजे दौत धरून तो फिरविता येतो आणि ओल्या रंगाला बोट लागत नाही. मग डिंकाच्या पाण्यात खडूची पूड कालवून पांढरे अस्तर द्यावे आणि ते पूर्ण वाळू द्यावे. अस्तर नसेल तर माती रंग पिऊन टाकते आणि तांबडा रंग विटकरी दिसू लागतो. रंग नेहमी पातळ असावा. एका दाट हाताने चेहऱ्याची घडण बुजते. दोन पातळ हातांनी ती उठते.

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात आहार्य अभिनयाच्या प्रकरणी चारच मूळ वर्ण सांगितले आहेत: पांढरा, निळा, पिवळा आणि तांबडा. पांढऱ्यात तांबडा मिसळला की कमळाचा रंग, पांढऱ्यात निळा मिसळला की पारव्याचा, पिवळ्यात निळा मिसळला की हिरवा, आणि तांबड्यात पिवळा मिसळला की गौर. तेव्हा चार पुड्यांत सारा किल्ला रंगून निघतो. मावळा मात्र उन्हातान्हात राबणारा गडी. त्याच्या कांतीसाठी गौर वर्णात थोडे काजळ मिसळून तो सावळा करावा.

विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडातील चित्रसूत्रात छायाप्रकाशाच्या कामाला 'वर्तना' म्हटले असून तिचे तीन प्रकार दिले आहेत. त्यांपैकी ठिपक्याठिपक्यांनी छाया भरण्याची रीत आमची मुले न शिकविताच करतात: दाढीचे खुंट दाखविण्यासाठी हनुवटीवर कुंचल्याचे टोक नुसते टेकवितात. अंगरख्याच्या चुण्यांत काजळाचे अगदी पातळ पाणी सोडावे. ते खोलगट भागात जाऊन बसते. मग कुंचला फडक्यावर जवळजवळ कोरडा पुसून फिका रंग उंचवट्यांवरून हलकेच फिरवावा. एवढ्याने मातीचे वस्त्र कापडासारखे दिसू लागते. त्याच चित्रसूत्रात एक मार्मिक निरीक्षण आहे: आचार्य रेषेची स्तुती करतात, जाणकार छायेची, आणि सामान्य जन केवळ रंगांच्या भपक्याची. ओवरीत बसणारी मुले तीन सायंकाळी संपेपर्यंत तिसऱ्या पायरीवरून दुसऱ्या पायरीवर येतात, हे आम्ही दरवर्षी पाहतो.

कार्तिकाच्या तोंडावर पहाटे दव पडते. पाण्यातले रंग त्याने ओघळतात. म्हणून शेवटी व्हार्निशचा एक पातळ हात अवश्य द्यावा.

दोन तोंडे सारखी नसावीत

एके वर्षी मुलांनी झपाट्याने काम उरकण्यासाठी तीस मावळे ओळीत मांडले आणि एकाने सर्वांना मिशा, दुसऱ्याने सर्वांना डोळे असे काढीत नेले. हवालदारसाहेब बराच वेळ पाहत राहिले. मग आम्हांस म्हणाले, "बुवा, या सगळ्यांचे तोंड एकच कसे? आमच्या पलटणीत दोन तोंडे सारखी नव्हती." एवढे बोलून त्यांनी सुपातून एक मावळा उचलला आणि उरलेला सबंध वेळ त्या एकावरच घालविला. डाव्या भुवईवर त्यांनी एक बारीक पांढरी रेघ ओढली. ती जखमेची खूण होती. "आजोबा, हा कोण?" असे एका मुलाने विचारले, तेव्हा ते म्हणाले, "होता एक आमच्यातला." मुलाने पुढे विचारले नाही. मात्र त्या दिवसापासून आमच्या ओवरीत एकाने एकच मावळा पूर्ण करावयाचा, हा नियम झाला.

त्या एका वाक्यात या खेळाचे सारे मर्म आहे. १६६० च्या जुलै महिन्यात महाराज पन्हाळ्याच्या वेढ्यातून निसटून विशाळगडाकडे निघाले, तेव्हा घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे यांच्यासमवेत हिरडस मावळातील बांदलांचे लोक उभे राहिले. बाजीप्रभूंचे नाव आपणांस ठाऊक आहे. त्यांच्या शेजारी जे पडले, त्यांतील बहुतेकांची नावे कोणास ठाऊक नाहीत. आख्यानांतही नायकाचे वर्णन घटकाभर चालते आणि सैन्य 'अगणित' या एका शब्दात संपते. पवन मावळ, गुंजण मावळ, हिरडस मावळ अशा खोऱ्यांतून घर सोडून आलेल्या त्या माणसांना आपण नाव परत देऊ शकत नाही. परंतु वर्षातून एकदा चेहरा देऊ शकतो. मुलाने तासभर मान खाली घालून एका मावळ्याच्या मुंडाशाचा पेच रंगविला, तर तेवढा तास त्या अनामिकाचे स्मरण झाले. पितरांचे स्मरण ज्या धर्मात कर्तव्य मानले आहे, त्या धर्मात हा खेळ अस्थानी कसा म्हणावा?

म्हणूनच सर्व मावळ्यांना एकाच रंगाचे कपडे देण्याचा आग्रह धरू नये. आजच्या पलटणींसारखा एकसाची गणवेश त्या सैन्यात नव्हता. कोणाची बंडी पांढरी, कोणाचा शेला तांबडा, कोणाच्या खांद्यावर काळे घोंगडे असावे. गडावर केवळ तलवारबहाद्दर नव्हते, हेही मुलांना सांगावे. सभासदाच्या बखरीवरून दिसते की प्रत्येक गडावर हवालदार, सबनीस व सरनोबत असे अधिकारी असत. तेव्हा एका बाहुलीच्या हाती लेखणी द्यावी. आरमारातील दर्यासारंग व दौलतखान यांची नावे घ्यावीत, म्हणजे स्वराज्यासाठी कोणकोण झटले हे मुलांना समजेल आणि शौर्याचे रूपांतर द्वेषात होणार नाही.

२०२५ च्या जुलैत रायगड, राजगड, प्रतापगड, शिवनेरी, पन्हाळा इत्यादी महाराष्ट्रातील अकरा आणि तमिळनाडूतील जिंजी, असे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले. ही अभिमानाची गोष्ट होय. परंतु दगडी तट जगाने मान्य केले, तरी त्या तटांवर उभ्या राहिलेल्या माणसांची आठवण जपणे हे आपल्या अंगणाचे काम आहे.

बाहुली आणि प्रतिमा

एक शास्त्रीय शंका वारंवार विचारली जाते: दिवाळी सरल्यावर या बाहुल्यांचे काय करावे? देवप्रतिमेची प्राणप्रतिष्ठा होते, तिच्या विधीत नेत्रोन्मीलनाचा संस्कार असतो. किल्ल्यावरील मूर्तींवर असा कोणताही संस्कार झालेला नसतो. म्हणून त्यांना विसर्जन नाही, आणि त्या नदीत सोडण्याचे काहीच कारण नाही. प्लास्टरच्या मूर्ती तर पाण्यात लवकर विरघळतही नाहीत. परंतु संस्कार नाही म्हणून आदर नाही, असे होत नाही. ज्या महाराजांपुढे चार दिवस पणती लावली, त्यांची मूर्ती पाचव्या दिवशी उकिरड्याच्या कडेला पडलेली पाहणे हे कोणत्याही शास्त्राला संमत नाही. मूर्ती मऊ कापडात गुंडाळून पेटीत ठेवाव्यात आणि पुढील वर्षी उडालेला रंग पुन्हा द्यावा. किल्ल्याची माती तुळशीच्या आळ्यात घालावी.

डोळे सर्वांत शेवटी काढावेत, एवढी एक चाल मात्र प्रतिमेकडून बाहुलीने घ्यावी. खराट्याच्या काडीचे टोक काजळात बुडवून, श्वास क्षणभर रोखून, दोन ठिपके. तोवर हाती मातीचा गोळा असतो. त्यानंतर तो आपल्याकडे पाहू लागतो.

सुज्ञ वाचकांना आमची एवढीच विनंती आहे. या दीपावलीस घरातील प्रत्येक मुलाला एक तरी कोरा मावळा आणून द्यावा, शेजारची चार मुले बोलवावीत, आणि वडीलधाऱ्यांनीही कुंचला हाती घेऊन त्यांच्या पंक्तीला बसावे. लक्ष्मीपूजनाच्या सायंकाळी देवापुढील, तुळशीपुढील आणि उंबरठ्यावरील दिवे लागले की एक पणती किल्ल्याच्या पायथ्याशी ठेवावी. ज्या घरचा मुलगा त्या रात्री सीमेवर पहाऱ्याला उभा असेल, त्या घरी ती पणती कोणासाठी आहे हे सांगावे लागणार नाही. इतरांनी ती त्याच्यासाठी लावावी.