चौदा वर्षांखालचे गुडघे

जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचे दोन्ही विश्वचषक आपण जिंकले. प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे, त्यामुळे इथल्या मैदानांवरचा उत्साह समजण्यासारखा आहे. आता शालेय स्पर्धांचा हंगाम आला आहे आणि त्या उत्साहाचा भार वाढत्या वयातले गुडघे पेलताहेत.

चौकोनात बसलेला खेळाडू जवळून बघा. चवड्यांवर भार, गुडघे दुमडलेले, खो मिळताक्षणी सुटायची तयारी. उठताना मांडीचा पुढचा स्नायू जोरात आखडतो आणि वाटीखालच्या कंडरेतून नडगीच्या वरच्या टोकाचा उंचवटा ओढतो. मोठ्यांमध्ये तिथे पक्के हाड असते. दहा-चौदाच्या वयात अजून कूर्चा असते. रोज शेकडो वेळा ओढ बसली की ती जागा सुजते, टेंगूळ येते, गुडघा टेकवत नाही. बॉस्टनचे ऑसगुड आणि झुरिचचे श्लॅटर यांनी 1903 मध्ये याचे वर्णन केले. दुखण्याला नाव त्यांचेच आहे. ‘वाढीचं दुखणं’ म्हणून हे सोडून देऊ नये. वाढीचं दुखणं सहसा रात्री दोन्ही पायांत येते आणि सकाळी गेलेले असते. हे खेळल्यावर दुखते आणि मूल नेमके बोट ठेवून जागा दाखवते.

डेन्मार्कच्या मायकेल रॅथलेफ यांचे काम मला सगळ्यात मोलाचे वाटते. त्यांनी हेच दुखणे असलेल्या 10 ते 14 वयाच्या 51 मुलांचा खेळ आधी कमी केला, मांडीचे व्यायाम हळूहळू वाढवले आणि दुखण्याला शून्य ते दहा गुण द्यायला शिकवले. दुखणे दोनच्या आत असेल तर खुशाल चालू ठेवायचे, पाचच्या वर गेले की थांबायचे. 12 आठवड्यांनी 80 टक्के मुलांना बरे वाटत होते, पण खेळात परतली होती जेमतेम 16 टक्के. वर्षभराने सुमारे दोन तृतीयांश परतली.

आपल्याकडे मात्र ‘पंधरा दिवस विश्रांती’ सांगून मुलाला थेट जिल्हा स्पर्धेत उतरवतात. एकच मूल सकाळी अकादमीत, दुपारी शाळेच्या संघात आणि संध्याकाळी क्लबात पळते. तिन्ही प्रशिक्षक मन लावून शिकवतात, पण एकूण भार कोणीच मोजत नाही. तो मोजणे शाळेने सक्तीचे करावे, असे माझे ठाम मत आहे. दहावी-बारावीच्या क्रीडा सवलतीच्या गुणांपायी दुखणे लपवणाऱ्या मुलांना त्याशिवाय कोण वाचवणार?

एक गोष्ट मात्र घरच्यांनीच ओळखायची आहे. मूल लंगडत असेल, पाऊल बाहेर वळवून चालत असेल, तर गुडघा दुखत असला तरी डॉक्टरांना खुबाही तपासायला सांगा. या वयात कधीकधी खुब्याच्या हाडाचे टोक वाढीच्या जागी सरकते आणि कळ गुडघ्यात येते. तिथे उशीर अजिबात परवडत नाही. त्याच दिवशी पायावरचा भार थांबवून एक्स-रे काढायला हवा.