फुप्फुसाचे टक्के कुणाच्या मापाने?

फुप्फुसाच्या कर्करोगात गाठ असलेला भाग कापून काढायचा, तर डॉक्टरांना आधी एक प्रश्न सोडवावा लागतो. उरलेल्या फुप्फुसावर हा रुग्ण नीट जगेल का? त्यासाठी स्पायरोमेट्री करतात. नाकाला चिमटा लावून, छातीभर श्वास घेऊन नळीत जोरात फुंकायचे. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली, ते यंत्र मोजते. (प्रत्येक ऑपरेशनआधी ही चाचणी लागत नाही.)

गोम पुढे आहे. रिपोर्टवर लिटरसोबत टक्के छापतात. त्याच वयाच्या, उंचीच्या, लिंगाच्या निरोगी माणसाची 'अपेक्षित' क्षमता १०० धरून हे टक्के काढतात. अमेरिकेत या अपेक्षेत अनेक दशके वंशही धरला गेला. काळ्या रुग्णाची अपेक्षित क्षमता १० ते १५ टक्के कमी, आशियाई माणसाची ४ ते ६ टक्के कमी. म्हणजे आपलीही!

१८४६ मध्ये लंडनच्या जॉन हचिन्सन यांनी या यंत्रावरचे आपले संशोधन मांडले, तेव्हा भर होता उंचीवर. पुढे अमेरिकेच्या दक्षिणेत सॅम्युअल कार्टराइट या गुलामगिरी समर्थक डॉक्टराने काळ्यांची फुप्फुसे सुमारे २० टक्के कमी असल्याचे सांगितले आणि सक्तीची मजुरी त्यांच्या प्रकृतीला हितकारक ठरवली. मालकाकडून पळून जाणे हा गुलामांचा 'रोग' आहे, असे १८५१ मध्ये लिहिणारा तो हाच. गरिबी, धूर, खाणी, कोंदट घरे हिशेबात आलीच नाहीत.

समजा, दोघांची फुंकर २ लिटर. गोऱ्याची अपेक्षा ३ लिटर, म्हणून तो ६७ टक्के. काळ्याची अपेक्षा १५ टक्क्यांनी घटवली की तोच आकडा ७८ टक्के होतो. आजार कागदावरून पुसला जातो आणि कामामुळे छाती बिघडलेल्या कामगाराची नुकसानभरपाईही अडते.

२०२३ मध्ये अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने वंश वगळण्याची शिफारस केली. पण ऑपरेशनच्या बाबतीत उलटा धोकाही आहे. टक्के खाली आले म्हणून काळ्या रुग्णाला 'ऑपरेशन झेपणार नाही' असे सांगितले गेले, तर बरे होण्याची संधीच हुकते. म्हणून एकट्या टक्क्यावर निर्णय नको. कापल्यानंतर किती क्षमता उरेल याचा अंदाज घेतात, शंका असेल तर जिने चढायला लावतात. २२ मीटरहून अधिक, म्हणजे साधारण सात मजले चढणाऱ्याला धोका कमी मानतात.

कोणते सूत्र वापरले ते बहुधा रिपोर्टवरच छापलेले असते. वस्तीतल्या रुग्णासोबत गेलात, तर टक्के कोणत्या सूत्राने काढले आणि चालण्याची किंवा जिन्याची चाचणी करणार का, हे डॉक्टरांना विचारा.